भरवशाचं नाक

शर्ट बादलीत टाकण्याआधी तिने सवयीने नाकाशी नेला आणि झटकन लांब धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नवऱ्याच्या कपड्यांना येणारा क्लोरीनचा वास तिला काही नवा नव्हता. लग्न झाल्यापासून ती ते वेगळे धूत आली होती. पण रोजचा वास फिकट असायचा, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा. आजचा थेट घशात जाऊन बसला.

नवरा नुकताच जेवून गेला होता. घामाने भिजलेला शर्ट त्याने बदलला. जेवताना सारखा खोकत होता, डोळे चोळत होता. "धूळ गेली असेल," म्हणाला आणि स्कूटर काढून पुन्हा कारखान्यात गेला.

कारखान्यात त्याला 'नाकवाले' म्हणत. नाकाने कांदे सोलणारे पैशाला पासरी मिळतात, पण हे नाक खरोखरच कामाचं होतं. क्लोरीनच्या टाक्यांच्या शेडमध्ये आधी तो एकटा शिरायचा, एक चक्कर मारायचा. कुठे व्हॉल्व्ह जरासा जरी गळत असला तरी त्याची मान बरोबर तिकडे वळायची. त्याने अंगठा वर केला की मग बाकीचे आत. गळती ओळखणारं यंत्र होतं म्हणा भिंतीवर, पण ते ऊठसूट बोंबलायचं, म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. नाकवाले असताना यंत्र हवंय कशाला, असं खुद्द सुपरवायझरच सगळ्यांसमोर म्हणाला होता. त्या दिवशी घरी आला तो छाती फुगवूनच.

आणि ते नाक वर्षापूर्वीच गेलं होतं. ही गोष्ट नवरा-बायको सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. एकदा शेगडीवर दूध करपून घरभर धूर झाला, तरी हा शेजारी बसून निवांत पेपर वाचत होता. तेव्हा तिला शंका आली. तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली फिनेलची बाटली धरली.

"ओळखा बघू."

"अत्तर," तो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने डोळे उघडून बाटली पाहिली आणि मटकन खाली बसला.

साहेबांना सांगून टाका, असं तिने तेव्हाच म्हटलं होतं. तो ऐकेना. "झाकली मूठ सव्वा लाखाची. नाकाशिवाय मला तिथं कोण विचारतं? आणि नोकरी गेली की कंपनीचं हे घरही गेलं." मग आत गेल्यावर कळतं कसं, असं तिने विचारलं. त्यावर तो मोठी अक्कल लढवल्यासारखा सांगायला लागला. "अगं, सगळे दारात उभे असतात ना, मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. कुणी नाक मुरडलं, कुणी घसा खाकरला, की मी तिकडे वळतो. इतकी माणसं आहेत, एकाला तरी वास येईलच की."

तिला ते पटलं नव्हतं. तिने पटवून घेतलं. डोक्यावरचं छप्पर जाणार म्हटलं की माणूस काय वाटेल ते पटवून घेतो. आणि वर्ष निभावलंही.

आता तो शर्ट तिच्या हातात होता. तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. शेडमध्ये फोन न्यायला बंदी, तो बाहेरच्या कपाटात पडला असणार. दुसरा नंबर सुपरवायझरचा. त्याला सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने नवऱ्याचं नाक कापायचं. ती तशीच उभी राहिली. मग डोळे पुन्हा चुरचुरले आणि तिने नंबर लावला.

"भाऊजी, तिथं काहीतरी गळतंय. ह्यांच्या शर्टाला भयंकर वास येतोय."

सुपरवायझर हसला. "मग काय गुलाबाचा यायला हवा, वहिनी? आत्ताच तो चक्कर मारून आला. अंगठा वर केला त्याने. पोरं आत शिरायला लागलीत."

"त्यांच्या अंगठ्यावर जाऊ नका." तिचा आवाज चिरकला. "त्यांना वास येत नाही. वर्ष झालं. शप्पथ सांगते, काहीच येत नाही."

संपलं, तिला वाटलं. घर गेलं, नोकरी गेली, चारचौघांत वर असलेली नवऱ्याची मान गेली.

मग सुपरवायझर ओरडला, पण तिच्यावर नाही. "बाहेर या. सगळे बाहेर या. टाका ते हातातलं." भोंगा वाजू लागला. धावणाऱ्या पायांचे आवाज आले. खोकल्याची उबळ ऐकू आली, एकाची नव्हे, पुष्कळांची. कुणीतरी म्हणत होतं, ह्याला धरा, हा पडतोय. आणि त्या गोंधळात नवऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "अरे, पळताय कशाला? मी बघून आलोय ना. काही नाहीये आत."

तो बाहेर होता, बोलत होता. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच संतापही आला.

"भाऊजी, अहो, इतकी माणसं होती ना तिथं. एकालाही वास आला नाही?"

"आम्हाला कुठला येतोय, वहिनी," सुपरवायझर धापा टाकत म्हणाला. "आमची नाकं कधीच गेली. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो."