चारच्या आतला कौल

यल्लाप्पा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. महादेव देवीकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होता. चारपर्यंत बेळगावच्या डॉक्टरांना फोन करायचा होता.

आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला होता. गाठीच्या जनुकांत दोन बिघाड निघाले. एकावर रोजची गोळी होती. दुसऱ्यावर काहीच नव्हतं, उलट त्याच्यामुळे गोळीचा गुण लवकर संपायची भीती होती. मग नुसती गोळी द्यायची, की जोडीला केमोही? केमोने दिवस कदाचित वाढतील, हाल मात्र नक्की वाढतील. घरी बोलून ठरवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

बँकेत दिवसाला शंभर सह्या ठोकणारा महादेव इथे पार गळाठला. शेवटी त्याने ते देवीवर ढकललं. उजवी पाकळी आधी पडली तर नुसती गोळी, डावी पडली तर केमोही, असं तो गुरवाच्या कानात पुटपुटला. बाहेर पायरीवर बसलेल्या आईला, अंबुबाईला, नातीच्या, आरोहीच्या स्थळाचा कौल आहे असं सांगून आणलं होतं. तुला झालाय तो साधा दमा, असंच आईला सांगायचं, हेही घरात आधीच ठरलं होतं.

पाकळ्या हलेनात. महादेव उठला, बसला, पुन्हा उठला. देवळात पंखा असता तर त्याने तोही लावला असता. पावणेतीनला उजवी जराशी सुटल्यासारखी दिसली आणि त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

अंबुबाई खोकत खोकत आत आली. चौकटीला धरून तिने आधी दम घेतला.

"आरोहीच्या स्थळापायी चार दिस जेवला न्हाईस व्हय रं?"

तिने देवीला हात जोडले आणि दोन्ही पाकळ्या अलगद काढून घेतल्या. असा मोडलेला कौल यल्लाप्पाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

ती लेकासमोर बसली. दोन तळहात, दोन पाकळ्या.

"खोकला आरोहीला न्हाय, मला हाय. सांग, उजवीत काय हाय अन् डावीत काय?"