आत्यासमोरचे प्रश्न

“लहानपणी तुम्हाला घरात कधी उपाशी ठेवलं होतं का?” नर्स पिसिलाने टॅबवरचा प्रश्न वाचला आणि सवयीने घरातल्या थोरल्या माणसाकडे पाहिलं.

फाने आत्या चटईच्या मानाच्या टोकाला बसून पंख्याने वारा घेत होती. प्रश्न तिच्या भाचीला, तोकिलुपेला होता. माणसांची वजनं का वाढतात, लहानपणी काय सोसलेलं असतं, याची पाहणी चालली होती. एकेकटीला गाठून विचारायचं, असं राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आत्याला “जरा बाहेर बसा” कोण म्हणणार? डॉक्टरांनी येऊन म्हणून दाखवावं.

“नाही, असं लिही,” आत्या म्हणाली. “एवढीशी होती, भावाकडून मागून आणली मी. उपाशी म्हणे! अगं, बघ तरी तिच्याकडे. उपाशी ठेवलेली पोर अशी दिसते होय?”

पिसिला हसली. तोकिलुपेही हसली. मघाशी काट्यावर उभी राहिली तेव्हाही ती अशीच हसली होती.

“मारलं होतं का?”

“शिस्त लावली. नाहीच लिही.”

“हल्ली जगणं नकोसं वाटतं का?” पिसिलाचा आवाज खाली आला.

“चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून गाते ती! आटप लवकर. बोट सुटेल माझी.”

बोटीचं नाव निघालं तशी तोकिलुपेची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिची लेक सेइनी वेणीफणी करून, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आत्याला आता हाताखाली पोर हवी होती. काल तिने शब्द टाकला आणि तोकिलुपेच्या नवऱ्याने मान डोलावली. बापाच्या बहिणीला नाही म्हणायची रीत या बेटांवर नाही. तोकिलुपेच्या बापालाही बहिणीला नाही म्हणता आलं नव्हतं.

“चल गं पोरी,” आत्या गुडघ्यावर हात देत उठली. “तुझ्या आईलाही मीच वाढवलंय.”

सेइनी बाहेर आली. “आई, आजीकडे डुकरं आहेत?”

“आहेत,” तोकिलुपे म्हणाली. “त्यांच्यापुढचं खोबरं मी खायची. ती ओरडायची, मग आत्याला कळायचं.”

पंखा थांबला. पिसिलाचं बोट टॅबवर तसंच राहिलं.

“काय म्हणालीस?” आत्याने विचारलं.

दोन्ही हात टेकून तोकिलुपे कशीबशी उभी राहिली, धापा टाकत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली. दार भरून गेलं. घरातला उजेड गेला.

“ऊठ,” आत्या म्हणाली.

“उठवत नाही, आत्या.” तोकिलुपेने मान खाली घातली होती. आवाजात अदब होती. “वजन फार झालंय.”

लांब धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. आत्याने तिचा एक दंड धरला आणि हिसका दिला. तोकिलुपे हलली नाही.

“बघत काय बसलीस?” आत्या नर्सवर खेकसली. “ओढ!”

पिसिलाने टॅब चटईवर ठेवला, पदर खोचावा तशी कमरेला रिवाजाने गुंडाळलेली चटई घट्ट केली आणि दुसरा दंड धरला.