छतातलं पाणी

मुलांनो, कल्पना करा: बाहेर नागपूरचं रणरणतं ऊन, आणि मॉलमधल्या बर्फघरात जाड कोट घालून वाढदिवसाला जमलेली पोरं. शाल्मलीची आई तिथल्या छतातले आग विझवणारे फवारे तपासायला आली होती. सुट्टी म्हणून शाल्मलीही सोबत होती.

"नळ्यांत पाणी गोठू नये म्हणून औषध घालतो ना, ताई," मॅनेजर म्हणाला, "यंदा दुप्पट ओतलंय. आपलं काम एकदम पक्कं!"

आई हसली नाही. नळीतलं थोडं पाणी तिने फवारणीच्या बाटलीत भरलं, गच्चीवर एक चिंधी पेटवली आणि लांबून त्यावर फवारलं. विझायचं सोडून ज्वाळा भपकन माणसाएवढी उसळली.

मॅनेजरचा चेहरा पडला. "म्हणजे आत आग लागली तर..."

"औषध जास्त झालं की तेच पेटतं. हेच पोरांच्या डोक्यावर पडेल. आधी सगळ्यांना बाहेर काढा!"

शाल्मली जिना उतरून धावली. काचेपलीकडे थर्माकोलच्या घरात केक मांडला होता. मेणबत्त्या पेटल्या होत्या आणि ज्योती भिंतीकडे झुकत होत्या.

ती आत घुसली, ओंजळभर बर्फ उचलला आणि सगळा केकवर ओतला.