गजराच्या पुढची धून

शरयू बिडकरने जलतरंगाच्या वाट्यांत पाणी ओतलं आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. मिरजेचं नाट्यगृह गच्च भरलं होतं. एरवी तिला ऐकायला घरचीच माणसं यायची. यंदा एका मोबाइल कंपनीने नव्या फोनच्या गजरासाठी तिची धून घेतली, जाहिरातीत तिचं नाव झळकलं आणि तो फोन घरोघरी पोचला.

"सगळे तुमच्यासाठी आलेत, ताई," तबलजी म्हणाला.

"माझ्यासाठी कसले? गजरासाठी आलेत रे."

पडदा वर गेला. तिने तीच धून सुरू केली, आणि कितीतरी हात सवयीने खिशांकडे, पर्सकडे वळले. गजर बंद करायला! सगळं नाट्यगृह खळखळून हसलं. शरयूही हसली, पण तिच्या काड्या थांबल्या नाहीत.

हसू हळूहळू विरलं. रोज धून इथपर्यंत येताच लोक गजर बंद करायचे. पुढचे सूर आता पहिल्यांदाच पाण्यावरून तरंगत अंधारात पसरले. डोळे आपसूक मिटू लागले.

"अहो, ही पुढेही आहे?" पहिल्या रांगेतली बाई कुजबुजली.

"शू! ऐक."

शरयूने लय आणखी संथ केली. ही धून संपूच नये, असं तिलाही वाटत होतं.