पंखाखालचा जोड

कलादालनात मोडक्या सायकलींचा आणि जुन्या चमच्यांचा अवाढव्य पक्षी उभा होता. लोक त्याचे फोटो काढत होते. तो घडवणारी लेक मात्र आईकडे बघत होती. आई बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायची. पक्क्या जोडावर खडूनं खूण करायची. तिथे शिकताना लेकीचे चौदा जोड तिनं सगळ्यांदेखत नापास केले होते. आता आई पंखाखाली वाकली आणि घराच्या किल्लीनं जोड वाजवू लागली. रखवालदार धावला. “मावशी, हात लावू नका.” “हात कुठे लावतेय? किल्लीनं वाजवतेय,” आई म्हणाली आणि कान देऊन ऐकत राहिली. आईनं पर्समधून खडू काढला, जोडावर ठसठशीत खूण केली आणि पुढच्या दालनाकडे चालू लागली. रखवालदारानं घाईघाईनं फडकं काढलं. लेकीनं त्याचा हात धरला. “राहू द्या, काका. या खुणेसाठी मी अकरा वर्षं थांबलेय.”