घरून काम

भिंतीला भोक पाडून झालं होतं, नेटची तार आत आली होती, डबा खिळ्यावर बसला होता. आता फक्त ओटीपी हवा होता.

"सांगा ताई," जोडणीवाला म्हणाला. "दहा मिनिटंच चालतो."

सहा आकडे आले होते ते धाकटीच्या मोबाइलवर. बाबांचं काही खरं नाही, दोन दिवस येऊन जा, असा दादाचा निरोप मिळाला म्हणून ती सकाळच्या गाडीनं धावत आली होती. बाबा होते तसेच होते. तीन वर्षं अंथरुणात, एक बाजू लुळी.

"माझा नंबर यांना कुणी दिला?"

"मी," दादा म्हणाला. "अर्जच तुझ्या नावानं केलाय. घरून काम करणारी व्यक्ती असेल त्या घराला पहिला नंबर. नाहीतर आपल्या गल्लीत नेट यायला अजून वर्ष गेलं असतं."

"मी घरून काम करत नाही."

"आता करशील की."

दादानं खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. देशातल्या शेवटच्या घरापर्यंत वेगवान नेट नेणार आणि मग काय काय भलं होणार, याची यादी होती त्यात. शाळा घरात, डॉक्टर घरात, बाजार घरात. एका ओळीखाली दादानं लाल पेननं रेघ मारली होती: नोकरी न सोडता आपल्या माणसांत राहा. शेजारी चित्र होतं. मांडीवर लॅपटॉप घेतलेली हसरी बाई आणि तिच्यामागे एक हसरा म्हातारा. त्या म्हाताऱ्याची चादर कोण बदलतं, ते मात्र कुठे छापलेलं नव्हतं.

धाकटी आठ वर्षं शहरात एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासत होती. एका खोलीत एकटी राहत होती आणि त्या खोलीची किल्ली फक्त तिच्याकडे होती. कुणी घरी ये म्हटलं की ती म्हणायची, "तिकडे नेट कुठे आहे?" एवढं एकच वाक्य होतं तिच्याजवळ. ते तिनं जपून जपून वापरलं होतं. भिंतीवरच्या त्या डब्याचा तिला असा राग आला की उपटून अंगणात भिरकावावासा वाटला.

"टेबल लावलंय तुझं," दादा म्हणाला. "बाबांच्या खोलीत, खाटेला लागून. कामही होईल, लक्षही राहील."

"मला विचारलंस?"

"काय विचारायचंय त्यात? नाचता येईना अंगण वाकडं. आठ वर्षं आमचं अंगण वाकडं होतं, नाही का? घे, सरळ करून दिलंय. आता नाच."

जोडणीवाला खाली बसून तारेचे तुकडे गोळा करू लागला. घरोघर जाणाऱ्या माणसाला केव्हा बहिरं व्हायचं ते बरोबर कळतं.

वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. हात कोपरापर्यंत ओले. आत्ताच बाबांचं अंग पुसून आली होती.

"मी बोलणार नव्हते," ती म्हणाली. "पण तीन वर्षांत मी माहेरी एक रात्र राहिले नाही. माझी कंबर गेली. मी सून आहे, लेक तू आहेस. तुला काहीच वाटत नाही?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. धाकटीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या दारात उद्या तीच उभी असणार होती, ओल्या हातांनी.

"चार मिनिटं राहिली," जोडणीवाला खालूनच म्हणाला.

धाकटीनं मोबाइल मांडीवर ठेवला.

"दादा, बाबांना किती वेळानं कुशीवर वळवावं लागतं?"

दादानं वहिनीकडे पाहिलं.

"दर दोन तासांनी," वहिनी म्हणाली. "नाहीतर पाठीला जखमा होतात."

"आणि झोपताना गोळी कुठली देतात?"

दादानं पुन्हा वहिनीकडे पाहिलं. या वेळी वहिनी पदराला हात पुसू लागली.

"माझी परीक्षा घेतेस?" दादाचा आवाज चढला. "ते सगळं तुझी वहिनी बघते."

"मागच्या वर्षी निवृत्त झालास. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी चौकातला बाक. तू तर घरीच असतोस, दादा. तुझं कशावाचून अडलं होतं? तुला तर नेटही लागत नव्हतं."

"उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस. ओटीपी सांग."

धाकटीनं सांगितला नाही. वहिनी पदराला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत राहिली.

"संपला," जोडणीवाला उठून उभा राहिला. "दुसरा पाठवू का?"

तेवढ्यात आतून बाबांनी हाक मारली. आजारी पडल्यापासून त्यांच्या तोंडून नाव असं निघत नसे, नुसता एक जड आवाज येई. तो आपल्यालाच असतो, असं धरून वहिनी तीन वर्षं उठत आली होती. आताही ती वळली, एक पाऊल टाकलं, आणि थांबली. मग तिनं खुर्ची ओढली आणि धाकटीशेजारी बसली.

"जा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला बोलावताहेत."