पीच्या गठ्ठ्यातलं कार्ड

"काय म्हणाल्या गं डॉक्टरीणबाई?" आईनं दवाखान्याच्या जिन्यातच विचारलं.

"अशक्तपणा आहे म्हणाल्या. ताकदीची औषधं देणार आहेत."

"मग इंग्रजीत कशाला बोलायचं?"

"सवय असते एकेकीला."

आपला आवाज कापला नाही, याचंच मुलीला नवल वाटलं. या दवाखान्यात दोघी मिळून पहिल्यांदाच आल्या होत्या, तरी आईनं कुणालाही न विचारता नेमकं दार ढकललं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईकडे एकदा पाहिलं आणि हसतमुखानं मुलीला एकच वाक्य सांगितलं. त्यात 'पॅलिएटिव्ह' हा शब्द होता. दुखणं कमी करणारा, पण रोग बरा न करणारा. हा शब्द तिला क्लासमध्ये शिकवला होता. शिकवला नसता तर फार बरं झालं असतं.

परीक्षा परवावर आली होती. पास झाली तर परदेशात शिकायला मिळणार होतं, तेही फुकट. त्यासाठी आईनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शब्दांच्या कार्डांचा डबा आणला होता. पुढे इंग्रजी शब्द, खाली मराठी अक्षरांत उच्चार, मागे अर्थ. आई सातवी शिकलेली, पण मास्तरीण कडक. शिलाई मशीनवर बसून शब्द विचारायची आणि कार्डाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायची: 'आला', 'उद्या परत', 'रविवारी'. विचारता विचारता निम्मे अर्थ तिचेच पाठ झाले होते.

मुलीला धास्ती होती ती त्याचीच. आज सगळ्या डब्याची उजळणी होती. 'पॅलिएटिव्ह'चं कार्ड आईच्या हाती लागलं की तिला सगळं कळणार. मग मुलगी कसली परीक्षेला बसते आणि कसली परदेशात जाते!

घरी आल्यावर आई तोंड धुवायला गेली. मुलीनं डबा उघडून 'पी' अक्षराचा गठ्ठा चाळला. पुन्हा चाळला. कार्ड नव्हतंच. गेल्या आठवड्यात पीचे शब्द झाले तेव्हाही आईनं हा विचारला नव्हता, हे तिला आता आठवलं. जुना डबा, एखादं कार्ड हरवलेलं असायचंच. तिचा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला.

"बस," मशीनपाशी येत आई म्हणाली. "आणि तोंड का एवढंसं झालंय? परीक्षा तुझी, अशक्तपणा माझा."

मुलगी हसली. दोनच दिवस तर गप्प राहायचं होतं.

"मेली सुई दिसत नाही. चष्मा दे जरा. नको, थांब, मीच घेते."

पण मुलीनं चष्म्याचं घर उघडलंही होतं. आत पुसायच्या फडक्याखाली एक कार्ड होतं. पॅलिएटिव्ह. तिनं ते उलटलं. कोपऱ्यात आईचं अक्षर होतं: 'परीक्षा झाल्यावर'.